हात जोडा, पण आधी गाडी बोलवा



मागच्या महिन्यात विहारात महिला मंडळाची बैठक होती. विषय बीपी-शुगरचा होता. बैठक उठता उठता मागं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही नेहमी सांगता, नवस-सायास सोडा. पण माझा नातू तापानं फणफणला होता. मी मनापासून मागणं मागितलं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग प्रार्थनेत ताकद हाय का नाय?"

बाकीच्या बाया हसल्या, पण उत्तर ऐकायला सगळ्याच जागच्या जागी थांबल्या. म्हणजे प्रश्न एकट्या आजींचा नव्हता. "असं काही नसतं" म्हणून मला तो झटकता आला असता. पण झटकलेला प्रश्न जात नाही, तो फक्त आपल्यासमोर विचारला जात नाही. म्हणून या अंकात त्याचं सविस्तर उत्तर देते. सुरुवात माझ्याच घरापासून करते.

आमच्या घरातली रात्र

माझ्या आईला बीपी होतं. गोळ्या कधी घ्यायची, कधी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची. एके दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास चहा पिताना तिच्या हातातला कप पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलायला गेली तर शब्द फुटेना. शेजारची मावशी म्हणाली, "अंगावरून वारं गेलं."

भाऊ धावत विहाराकडे गेला. दहा-बारा माणसं लगेच आली. रात्री उशिरापर्यंत परित्राण पाठ झाला, आईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, चमच्यानं पाणी पाजलं. आई शांत पडून राहिली. सगळ्यांना वाटलं, आराम पडला.

मी तेव्हा दुसऱ्या गावी रात्रपाळीवर होते. सकाळी सहाला मला फोन आला. मी फोनवरच ओरडले, "आधी दवाखान्यात न्या." आठ वाजता आई दवाखान्यात पोचली. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?" भाऊ म्हणाला, "काल सातपासून." डॉक्टर पुढं काही बोलले नाहीत.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं. आमचे तेरा तास गेले होते. आईचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

वेळेत नेलं असतं तर ती पूर्ण बरी झाली असती, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. इंजेक्शन सगळ्यांना देता येत नाही आणि दिलं तरी सगळ्यांना गुण येत नाही. पण तिला ती संधीच मिळाली नाही, एवढं खरं.

त्या रात्री आमच्या घरात कुणी भोंदू नव्हता. कुणी एक रुपया घेतला नाही. जी माणसं आली ती आईवरच्या मायेनं आली होती. म्हणूनच ही गोष्ट सांगते आहे. भोंदूला ओळखणं सोपं असतं. मायेनं केलेला उशीर ओळखू येत नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करते. आई आयसीयूत असताना मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. भाषणं देणारी, अंधश्रद्धेवर बोलणारी मी. माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. "वाचू दे, एवढी वाचू दे," असं मी म्हणत होते. कुणाला म्हणत होते? मला सांगता येणार नाही. त्यामुळे माणसं प्रार्थना का करतात, हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारते तेव्हा स्वतःलाही विचारते.

तपासून पाहिलं तेव्हा काय निघालं

प्रार्थनेनं आजार बरा होतो का, हे काही लोकांनी खरंच तपासून पाहिलं आहे.

इंग्लंडमध्ये चर्चमधून राजघराण्यातल्या माणसांना दीर्घायुष्य मिळावं म्हणून कायम प्रार्थना व्हायची. सगळा देश ज्यांच्यासाठी मागणं मागतो, ती माणसं जास्त जगायला हवीत. १८७२ मध्ये फ्रान्सिस गॅल्टन यांनी हिशेब मांडला. खाऊनपिऊन सुखी असलेल्या सगळ्या वर्गांत राजघराण्यातल्यांचं सरासरी आयुष्य सगळ्यांत कमी निघालं.

हा झाला जुना हिशेब. अलीकडची मोठी तपासणी अमेरिकेतली आहे. डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि २००६ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. सहा हॉस्पिटलं, हृदयाची बायपास झालेले १,८०२ पेशंट. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, पण त्यांना ती होते आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या गटासाठी झाली नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार. प्रार्थना करणारे ख्रिस्ती मंडळांतले श्रद्धाळू लोक होते. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस त्यांनी पेशंटचं नाव घेऊन प्रार्थना केली.

तीस दिवसांत किती जणांना काही ना काही त्रास झाला, ते मोजलं. प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात शंभरातल्या ५२ जणांना. न झालेल्या गटात ५१ जणांना. म्हणजे काडीचा फरक नाही. आणि "तुमच्यासाठी प्रार्थना होणार" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ जणांना! असं का झालं? हा योगायोग असू शकतो, असं संशोधकांनीच म्हटलं. एक अंदाज असाही आहे की पेशंट घाबरला असेल: "माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे मी एवढा आजारी आहे का?" वॉर्डात मी हे पाहिलं आहे. दहा नातेवाईक खाटेभोवती हात जोडून उभे राहिले की पेशंटचा चेहरा पडतो.

या तपासणीची एक मर्यादाही सांगायला हवी. तिन्ही गटांतल्या पेशंटच्या घरचे आपापल्या परीनं प्रार्थना करतच असणार. त्यांना कोण थांबवणार? पण लांबून कुणीतरी केलेल्या प्रार्थनेनं दुखणं हलतं का, एवढं तपासता येत होतं. ते तपासलं. हललं नाही.

मग गुण आला असं का वाटतं?

आता आजींच्या नातवाकडे येऊ. त्याचा ताप खरंच उतरला. पण लहान मुलांचे पुष्कळ ताप विषाणूंचे असतात आणि तीन-चार दिवसांत आपले आपणच उतरतात. आपण मागणं कधी मागतो? ताप पहिल्यांदा चढतो तेव्हा नाही. तो सगळ्यांत वर जातो, आपला धीर सुटतो तेव्हा. आणि वर गेलेला ताप पुढं बहुतेक वेळा खालीच येणार असतो.

काविळीचं असंच आहे. गढूळ पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत विश्रांतीनं बरी होते. तोवर गळ्यात काविळीची माळ असते, मग श्रेय माळेला. सापाचंही तेच. आपल्याकडचे पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातंच असं नाही. अशा माणसावर मांत्रिकानं मंत्र टाकला की माणूस उठून बसतो. तो मंत्राशिवायही उठला असता. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावून विष भिनलं असेल तर मंत्र म्हणेपर्यंत माणूस जातो. मग मांत्रिक म्हणतो, "उशिरा आणलात."

नवसाच्या देवळात टांगलेले पाळणे तुम्ही पाहिले असतील. ज्यांना मूल झालं त्यांनी ते टांगलेले असतात. ज्यांनी नवस केला आणि मूल झालं नाही, त्यांचा पाळणा कुठं टांगतात? त्यांची मोजणी कुणीच ठेवत नाही. देऊळ भरलेलं दिसतं ते फक्त गुण आलेल्यांनी.

याचा सगळ्यांत वाईट भाग पुढंच आहे. गुण आला तर श्रेय प्रार्थनेला आणि नाही आला तर दोष माणसाला. लेकरू गेलेली आई माझ्याजवळ रडताना म्हणते, "माझंच मागणं कमी पडलं." मायबाय, तुझं काही कमी पडलं नाही. तुझ्या दुःखावर हा आणखी एक धोंडा कुणी ठेवला?

देवी आणि मरीआई गेल्या कुठं?

आपल्या वाडवडिलांच्या काळात अंगावर मोठे फोड आले की "देवी आल्या" म्हणायचे. शांत हो म्हणून हात जोडायचे, नैवेद्य दाखवायचे. शेकडो वर्षं मागणं मागितलं. देवी गेल्या त्या लसीनं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवी टोचल्याचे वण अजून आहेत. भारतात या रोगाची शेवटची लागण १९७५ मध्ये झाली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साऱ्या जगातून हा रोग संपल्याचं जाहीर केलं.

पटकीच्या साथीला आपले लोक मरीआईचा कोप म्हणायचे. गावाच्या शिवेबाहेर मरीआईचा गाडा लोटायचे, की रोगराई पुढच्या गावाला जावी. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले. तिथं पटकी पसरली आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावलं. नातेवाइकांनीच ते पेशंटला पाजलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, ती चारच्याही खाली आली.

त्या नातेवाइकांनी मनातल्या मनात प्रार्थनाही केली असेल. पण त्यांच्या हातात पेला होता.

तरी माणूस हात का जोडतो?

कारण हातात काही नसलं की हात जोडले जातात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मॅलिनोवस्की नावाचे अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथले कोळी शांत खाडीत मासे धरताना कसलाच मंत्रतंत्र करत नसत. तिथं त्यांचं कसब पुरत असे. खोल समुद्रात जायचं असलं, जिथं जीव जाण्याची भीती, तिथं मात्र मंत्रविधी ठरलेले. माणसं तीच होती. भीती वाढली की मंत्र वाढत होते.

आपल्या वस्तीचं बघा. मोठा दवाखाना लांब, रात्री रिक्षा मिळत नाही, पैसे उसने आणायचे आणि गेलो तर "आत्ताच का आलात" म्हणून खेकसणं ऐकायचं. अशा माणसाला दोरा जवळचा वाटला तर त्याला मूर्ख म्हणू नका. दवाखाना जितका जवळ येईल तितका दोरा लांब जाईल. म्हणून वस्तीत दवाखाना आणि औषधं मागणं हेही अंधश्रद्धा निर्मूलनाचंच काम आहे.

रमाईंनाही पंढरपूरला जायची ओढ होती. बाबासाहेबांनी समजावलं की जिथं आपल्याला लांब उभं केलं जातं तिथं कशाला जायचं, आपण दुसरं पंढरपूर उभं करू. लेकरं गमावलेल्या त्या आईला काहीतरी आधार हवा होता. तिच्या या ओढीला आपण कधी हसलो नाही. मग शेजारणीला का हसावं?

प्रार्थनेनं एक गोष्ट मात्र खरंच होते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी माळ जपणाऱ्या आणि मंत्र म्हणणाऱ्या लोकांचा श्वास मोजला. तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. श्वास असा संथ झाला की छातीतली धडधड कमी होते, मन ठिकाणावर येतं. चार माणसं एका सुरात म्हणायला बसली की एकटेपणा कमी होतो. हे खोटं नाही. पण मन शांत होतं ते म्हणणाऱ्याचं. गुठळी, विष आणि जंतू यांना ऐकू येत नाही.

आमच्या घरी त्या रात्री हेच झालं. पाठ झाला आणि घरातले सगळे शांत झाले. गुठळी जिथल्या तिथं होती.

वंदना म्हणजे मागणं नव्हे

तथागतांनी हे फार सोप्या दाखल्यानं सांगितलं आहे. खोल डोहात धोंडा टाकला आणि काठावर लोक जमवून "वर ये" अशी प्रार्थना केली तर धोंडा वर येईल का? तुपाचं मडकं पाण्यात फुटलं तर खापऱ्या तळाला जातील आणि तूप तरंगेल. तुपाला "बुड" म्हणून कितीही विनवलं तरी ते बुडेल का? फळ मिळतं ते केलेल्या कर्माचं, विनवणीचं नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी होता. स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी तिथं मंत्र म्हटला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग भिक्खूंना सांगितलं, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. नर्सिंगच्या तीन वर्षांत मी जे शिकले त्याचं सार या एका प्रसंगात आहे.

आपण वंदना घेतो ती कुणाकडे काही मागायला नाही. त्रिशरण म्हणजे कुठं आधार घ्यायचा ते ठरवणं आणि पंचशील म्हणजे स्वतःला दिलेला शब्द. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला नवस-सायासातून बाहेर काढलं, ते परित्राणाच्या दोऱ्याचा नवा गंडा करायला नाही. दोरा बांधायचा तर बांधा, पण औषध म्हणून नको.

आईची राहिलेली गोष्ट सांगते. तिला "पाणी" हा शब्दही म्हणता येत नव्हता. दीड-दोन महिन्यांनी घरी संध्याकाळची वंदना चालू होती आणि आईच्या तोंडून अख्खं त्रिशरण बाहेर पडलं. सगळे रडले. कुणी म्हणालं, चमत्कार झाला. तो चमत्कार नव्हता. डाव्या मेंदूला इजा झाली की नवीन वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं पाठ झालेलं बोलणं, गाणी, अंक, वंदना पुष्कळदा शाबूत राहतात. मला हे ठाऊक होतं, तरी मीही रडले. पुढं रोज तिच्याबरोबर वंदना म्हणायची, हा तिच्या बोलण्याचा व्यायाम झाला. शेवटपर्यंत ती डावा हात छातीशी धरून वंदना म्हणायची. वंदनेनं तिला काय दिलं ते मी पाहिलं आहे. त्या रात्री काय नेलं तेही पाहिलं आहे.

हे लिहून भिंतीला लावा

१. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं: यातलं एक जरी अचानक झालं तरी लगेच १०८ ला फोन. कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, ठसका लागून श्वासात जातं.

२. छातीत कळ, घाम, दम: घरी थांबू नका.

३. साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग हलवू नका आणि सापाच्या लसीची सोय असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र, गंडा-दोरा करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

४. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. गरोदर बाईला डोकेदुखी, अंधारी, सूज किंवा फिट ही बाहेरची बाधा नाही, ताबडतोब दवाखाना.

५. हगवण-उलटी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे. थोडं थोडं पाजत राहा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर वाट बघू नका.

६. बीपी-शुगरच्या गोळ्या बरं वाटलं तरी सोडू नका. ही आमच्या घराची चूक तुमच्या घरी नको.

७. मन फार घाबरं होत असेल, झोप लागत नसेल तर १४४१६ वर मोफत बोलता येतं.

आजींना मी शेवटी एवढंच म्हणाले, "आजी, नातवासाठी तुमचा जीव तुटला, ती माया खरी. ताप मात्र मागण्यानं उतरला नाही. पुढच्या वेळी दोन दिवसांत उतरला नाही तर मला हाक मारा. मी येते, आपण दवाखान्यात जाऊ. हात जोडायचे असतील तर गाडीत बसल्यावर जोडा."

आजी म्हणाल्या, "गाडीत तू पण जोडशील ना?"

मी म्हटलं, "नंबरच्या रांगेत उभी राहीन. तेवढ्यात तुम्ही जोडून घ्या."

नमो बुद्धाय, जयभीम.